अकराचा अठरा

नाव नानासाहेब. ऐकणाऱ्याला वाटावं, डोक्याला फेटा बांधून लोडाला टेकून बसणारी कुणी मोठी असामी असेल. प्रत्यक्षात काय, तर जिन्याखालची एवढीशी खोली, टेबलावर एक संगणक, एक खोकणारा प्रिंटर, आणि त्यांच्यापुढं शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेला सत्तेचाळीस वर्षांचा किडकिडीत माणूस. क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला एका ट्रस्टचा डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना आहे, तिथं हा माणूस बावीस वर्षं चिकटून होता. घर चिकलठाण्यात. घरची जमीन होती, ती कधीच प्लॉट पाडून गेली. भावकीतल्या बाकीच्यांनी त्या पैशात जीपा घेतल्या, बंगले बांधले. ह्या गड्यानं संगणकाचा क्लास लावला. लोक हसले, अन् हा बापडा खाली मान घालून बटणं बडवत राहिला. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं असंच असतं, त्याला दोन्ही बाजूंनी हसणारे भेटतात.

दवाखान्यात त्याच्याकडं सगळ्यात नाजूक काम होतं, ते म्हणजे मोफत मोतीबिंदूच्या ऑपरेशनची यादी. मोफत म्हटलं की झुंबड आलीच. डॉक्टर सोनिया मॅडमचे हात दोन, टेबल एक, आठवड्याला मोफतची ऑपरेशनं सहाच. बाकीच्यांनी नंबर लावायचा आणि वाट बघायची. दर सोमवारी सकाळी नानासाहेब यादी छापून जिन्याच्या भिंतीवर चिकटवायचा, आणि वरच्या सहा जणांना फोन जायचे.

पूर्वी हा नंबर रजिस्टरमध्ये पक्का लिहिलेला असायचा. चौदा म्हणजे चौदा. पण माणसं कुठं एका जागी राहतात? कुणी तोवर दुसरीकडं ऑपरेशन करून घ्यायचं, कुणी देवाघरी जायचं. नाव कटलं की यादीत भोक पडायचं. भिंतीवर बारा, तेरा, आणि एकदम पंधरा. आपल्याकडं मधला नंबर दिसला नाही की लोकांच्या मनात एकच येतं, कुणीतरी खाल्ला. पैठणकडच्या एका म्हाताऱ्यानं तर भर जिन्यात नानासाहेबाची गचांडी धरली होती. "चौदा नंबर कुणाला इकला, बोल." ज्यानं जन्मात कुणाचा चहा फुकट घेतला नाही त्याला हे ऐकावं लागलं. त्या दिवशी तो डबा न उघडताच घरी गेला.

मग तो ईर्ष्येला पेटला. पुस्तकं आणली, मोबाइलवर धडे बघितले, आणि संगणकाला सवाल कसा घालायचा ते शिकला. त्या सवालाला क्वेरी म्हणतात. त्याची युक्ती साधी होती. नंबर कुठं लिहून ठेवायचाच नाही. संगणकात फक्त नाव, गाव आणि नोंदीची तारीख. सोमवारी सवाल घालायचा, सगळ्यांना तारखेनं ओळीत लाव आणि वरून खाली एक, दोन, तीन असा नंबर दे. एखादं नाव कमी झालं तर मागचे आपोआप पुढं सरकतात. भोक पडायचा सवालच नाही.

त्या दिवसापासून जिन्यातली भांडणं थांबली. तारखेची यादी, सरळ नंबर, कुणाचा वशिला नाही. खुद्द त्याच्या आईला, मनकर्णाबाईला, त्यानं ओळीत उभं केलं होतं. एक्केचाळीस दिवस थांबवलं म्हातारीला. ती रोज बोलायची, "पोटचा पोरगा दवाखान्यात असून मी आंधळ्यावानी भिती चाचपते, लोक काय म्हनतील." नानासाहेब म्हणायचा, "आई, लोक म्हणतील की यादी खरी आहे." एवढा त्याला त्या यादीचा अभिमान. अभिमान वाईट नसतो, पण तो एकदा डोक्यात बसला की माणूस दुसऱ्यांदा तपासून बघत नाही, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

डिसेंबरात दवाखान्यानं फर्दापूरला शिबिर घेतलं. एका दिवसात चौसष्ट माणसांना मोतीबिंदू निघाला. चौसष्ट फॉर्म गठ्ठा बांधून आले, नानासाहेबानं दोन दिवस बसून ते संगणकात चढवले. चौसष्टच्या चौसष्ट नोंदींवर तारीख एकच, शिबिराची. त्यांच्या आधीचे पंधरा जण थांबलेले होते, ते पुढं, हे मागं. यादी छापली. सगळ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या गेल्या.

त्या चौसष्टात एक बानाबाई होती.

बानाबाई मेंढपाळाची. फर्दापूरच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती, पण वर्षातले सहा-सात महिने पाय रानातच. नवरा मुंजाबा, शंभरेक मेंढरं, दोन घोडी, एक कुत्रं. उजवा डोळा तरुणपणीच बाभळीच्या काट्यानं गेलेला. राहिला होता डावा, त्यात मोतीबिंदू उतरला. म्हणजे जे काही होतं ते ह्या एका डोळ्यावर होतं. तो गेला तर कळपामागं चालणं गेलं, चुलीपुढं बसणं गेलं, आणि रानात आंधळ्या माणसाला कोण सांभाळणार? चिठ्ठीवर तिचा नंबर एकतीस होता. आठवड्याला सहा, म्हणजे सहाव्या आठवड्यात पाळी. शिकलेली नव्हती, पण एवढा हिशेब तिनं बोटांवर केला.

दुसऱ्या आठवड्यात तिचं शहरात काही काम निघालं, तेव्हा ती सहज डोकावली. खिडकीवर शीला सिस्टर होती. शीला मनानं लई चांगली बाई. आलीच आहे म्हातारी लांबून तर रिकामी कशाला पाठवा, म्हणून तिनं बीपी बघितला, संगणकात नोंद केली, "या मावशी सहाव्या आठवड्यात," म्हणून सांगितलं. सहाव्या आठवड्यात बानाबाई पहाटेची एसटी धरून आली. भिंतीवर तिचा नंबर होता पंचेचाळीस.

ती काहीच बोलली नाही. शीलानं पुन्हा बीपी घेतला, नोंद केली, म्हणाली, "होईल मावशी, थोडं थांबा." दोन आठवड्यांनी ती पुन्हा आली. पस्तीस. चिठ्ठीतल्या नंबरापेक्षासुद्धा मागं.

दुसरं कुणी असतं तर आरडाओरडा केला असता. बानाबाई का बोलली नाही, ते नंतर कळलं. उन्हाळ्यात रानात पाणी कमी, एका हाळावर, म्हणजे जनावरं पाणी पितात त्या दगडी कुंडावर, चार-चार कळप येतात. तिथं पाळी लागते. पाळीचा नियम बापजाद्यांपासून चालत आलेला. ज्याचा माणूस हाळापाशी बसून आहे त्याची पाळी कायम. जो उठून गेला त्याची पाळी गेली, त्यानं मागून यायचं, आणि त्यावरून भांडायचं नाही. बानाबाईनं मनाशी ताडलं की दवाखान्याचंही असंच असणार. आपण नंबर लावून रानात निघून गेलो, हाळ सोडून उठलो, मग नंबर मागं जाणारच. चूक आपलीच. तिला त्यात अन्याय दिसलाच नाही.

मग ती पुरी तयारी करून आली. दहाव्या सोमवारी घोंगडी, भाकरीचं पीठ, लसणाची चटणी, एक पातेलं. मधले दोन आठवडे कळप लांब गेला होता म्हणून ती फिरकली नव्हती. त्या सोमवारी भिंतीवर नंबर अकरा निघाला. अकरा म्हणजे अगदी दारात. तिनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात घोंगडी टाकली आणि बसली. पुढच्या सोमवारी पाच होणार, मग फोन नाही न् बिन नाही, आपण हितंच हाजर.

नानासाहेबानं तिला जाता-येता बघितली. व्हरांड्यात दोन-चार माणसं नेहमीच असतात, त्यातली एक. वॉचमन चाचा दुसऱ्या दिवशी म्हणाला, "नानासाब, वो बुढ्ढी कल से वहीच बैठी है, उठतीच नहीं." नानासाहेब म्हणाला, "बसू दे चाचा, कुणाची नातेवाईक असेल." चाचानं तिला नळ दाखवला, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडू दिली. शीला सिस्टर रोज सकाळी ड्यूटीवर आली की आधी तिच्याकडं जायची, बीपी बघायची, वर जाऊन संगणकात चढवायची. तेवढीच म्हातारीची विचारपूस.

गुरुवारपासून बानाबाईचा डोळा ठणकायला लागला. शुक्रवारी अर्धं डोकं धरलं. शनिवारी उलटी झाली. तिनं पदर पुढं ओढून घेतला आणि शीलाला सांगितलं, "काय नाय बाई, पित्त हाय." खरं सांगितलं तर घरी जा म्हणतील, निजा म्हणतील, दुसऱ्या दवाखान्यात नेतील, आणि पाळी जाईल. ठणका सहन करून ती जागची हलली नाही.

अकरावा सोमवार. नानासाहेबानं यादी चिकटवली आणि तो खोलीकडं वळला, तेवढ्यात मागून हाक आली.

"भाऊ, वाईच वाचून दाखव. बानाबाई मुंजाबा, फर्दापूर."

त्यानं बोट फिरवलं. "अठरा, मावशी."

ती कागदाकडं आणखी सरकली. मग म्हणाली, "मागल्या सोमवारी अकरा व्हता."

"नसेल मावशी. नंबर पुढं येतो, मागं जात नाही."

"अकरा व्हता भाऊ. सिस्टरबाईनं वाचून सांगितला." तिचा आवाज चढलेला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी उठले नाय हितून. आठ दिस झाले. इचार त्या चाचाला. नळावर गेले तरी घोंगडी हितंच ठिवली. आदी मी उठून जात व्हते म्हनून मागं पडत व्हते, ते मला कबूल हाय. पन ह्या बारीला मी हालले नाय. मंग मागं कामून गेले?"

नानासाहेबाच्या तोंडाशी ठरलेलं उत्तर होतं, मावशी, कॉम्प्युटर चुकत नसतो. हजार वेळा दिलेलं उत्तर. पण आठ दिवस एका जागी बसलेलं माणूस तुमच्यापुढं उभं राहून असं विचारतं तेव्हा जीभ वळत नाही. तो म्हणाला, "थांबा मावशी, बघतो."

सोमवारच्या याद्यांची फाइल त्यानं ठेवलेली होती. मागचा आणि आजचा कागद शेजारी शेजारी मांडला. अकरा, बानाबाई. अठरा, बानाबाई. म्हातारी खरं बोलत होती. त्यानं तिसरा कागद काढला, चौथा काढला, अकराच्या अकरा जमिनीवर पसरले आणि गुडघ्यांवर बसून पेन्सिलीनं नावं जोडत गेला. शिबिरातले चौसष्ट जण आपसात खालीवर होत होते. आधीचे पंधरा मात्र जिथल्या तिथं. मग त्याच्या ध्यानात आलं की खाली कोण जातंय. जी माणसं घरी गप्प बसली ती वर सरकत होती. जी येऊन विचारत होती ती खाली जात होती. जितक्या वेळा आली, तितक्या वेळा खाली. बानाबाई मधे दोन आठवडे फिरकली नाही, म्हणूनच पस्तीसवरून एकदम अकरावर चढली होती.

त्यानं शीलाला हाक मारली. "सिस्टर, बानाबाईचा बीपी घेतला का आज?"

"घेतला, चढवायचा राहिलाय."

"आत्ता चढवा. माझ्यासमोर."

शीलानं एकशेसाठी-शंभर लिहिलं आणि बटण दाबलं. नानासाहेबानं पुन्हा सवाल घातला. यादीत शिबिरातली एकोणीस माणसं उरलेली. बानाबाई अठरावर होती, ती एकोणीसवर गेली. दोघांच्या डोळ्यांदेखत.

सगळा उलगडा तिथंच झाला. तारखेनं लाव, एवढंच नानासाहेबानं संगणकाला सांगितलं होतं. तारीख एकच असेल तर त्यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण, हे सांगितलंच नव्हतं. एरवी रोज दोन-तीन नावं यायची, त्यात कुणाला फरक कळला नाही. इथं चौसष्ट जण एका तारखेचे. न सांगितलेलं संगणक कशाला पाळेल? त्याच्या हाताला जी ओळ आधी लागेल तिला तो आधीचा नंबर देत होता, आणि ज्या ओळीत काही नवीन लिहिलं जाई ती त्याच्या साठ्यात मागं जाऊन पडत होती. कुणी पैसे खाल्ले नव्हते, कुणाचा वशिला नव्हता. मायेनं घेतलेला बीपी रोज त्या बाईला मागं ढकलत होता.

शीला खुर्चीत बसली आणि तिनं तोंडावर हात धरला. "मीच लोटलं तिला," म्हणाली.

"तुम्ही नाही. मी," नानासाहेब म्हणाला.

फॉर्मवर शिबिरात पडलेला अनुक्रमांक होता. तो त्यानं स्वतःच्याच हातानं संगणकात चढवला होता आणि कधी वापरला नव्हता. सवालात त्यानं ती एक गोष्ट वाढवली, आधी तारीख, मग फॉर्मचा अनुक्रमांक. पाच सेकंदांचं काम. यादी पुन्हा आली. पहिल्या ओळीत बानाबाई मुंजाबा, फॉर्म नंबर सोळा. आधीचे पंधरा आणि शिबिरातली सोळावी ती, म्हणजे एकतीस. चिठ्ठीत होता तोच. तिचं ऑपरेशन पाच आठवड्यांपूर्वी व्हायला हवं होतं.

तो धावतच सोनिया मॅडमकडं गेला. मॅडम पेशंट तपासत होत्या. एवढी वर्षं दार वाजवल्याशिवाय आत न येणारा माणूस तसाच आत शिरला म्हटल्यावर त्याही उठल्या. व्हरांड्यात येऊन त्यांनी बानाबाईचा पदर मागं केला. डोळा लालभडक, बुबुळ धुरकट. बोटानं हलकेच दाबून बघितला तर दगडासारखा लागला.

"कधीपासून दुखतंय आजी?"

"चार दिस झाले."

"चार दिवस इथं बसलात, माझ्या दारात, आणि सांगितलं नाही?"

"सांगितलं आसतं तर पाळी गेली आसती," बानाबाई म्हणाली.

मोतीबिंदू पिकून आत फुटला होता, डोळ्यातला दाब वाढला होता, मागची नस त्या दाबाखाली चार दिवस चिरडत होती. मॅडमनी औषधं देऊन दुपारपर्यंत दाब उतरवला आणि त्याच दिवशी ऑपरेशन केलं. दुखतं म्हणून एक शब्द बोलली असती तर यादी बाजूला ठेवून पहिल्या दिवशी घेतली असती. असं दुखणं असलेला पेशंट नंबराशिवाय घेतात, हे दवाखान्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त व्हरांड्यात बसलेल्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुंजाबा आला. कळप दुसऱ्याच्या हवाली करून, जवळजवळ पळतच. मॅडमनी पट्टी सोडली तेव्हा तो कॉटच्या एका बाजूला आणि नानासाहेब दाराशी उभा. मॅडमनी दोन बोटं धरली. बानाबाईला बोटं दिसली नाहीत. हात हलवला. "कायतरी हालतंय," ती म्हणाली. खिडकीचा पडदा सारला. "हिकडून उजेड हाय." बस्स. मॅडमनी आणखी दोन दिवस वाट बघितली. पण सुकलेली नस हिरवी होत नसते.

शुक्रवारी व्यवस्थापक ऋतुराज सरांनी नानासाहेबाला बोलावलं. तिशीतला पोरगा, वाईट नव्हता, पण दवाखान्याच्या नावाला जपणारा. निकाल चांगला लागला नाही की केसपेपरवर कारण लिहावं लागतं, आणि ते संगणकात चढवायचं काम नानासाहेबाचं. सर म्हणाले, "रुग्ण वेळेवर आली नाही, असं टाका. नेहमीचा रिमार्क आहे. खोटंही नाही, दुखणं तिनं लपवलंच होतं की."

"सर, ती आठ दिवस दारात बसली होती."

"नाना, तुमची नोकरी बावीस वर्षांची आहे. यादीचा घोळ बाहेर गेला तर लोक पुन्हा तेच म्हणतील, नंबर विकले. तुमच्यावरच येईल. मी तुमच्यासाठीच सांगतोय."

ते खरं होतं, आणि म्हणूनच ते जड होतं. नानासाहेब खाली येऊन संगणकापुढं बसला. पैठणच्या म्हाताऱ्याचा हात त्याला आपल्या गळ्याशी जाणवला. उभा जन्म ज्या एका गोष्टीला जपलं ती गोष्ट आता आपल्याच हातानं जिन्यात टांगायची. जेवणाची वेळ झाली, टळली, तो बसून होता. मग त्यानं लिहिलं, "यादीतील क्रम चुकल्यामुळे ऑपरेशन पाच आठवडे उशिरा. रुग्णाचा दोष नाही. यादी मी तयार केली होती." आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. एक प्रत छापून घेतली आणि वॉर्डात गेला.

बानाबाई भिंतीला टेकून बसली होती, मुंजाबा तिच्या पायाशी. नानासाहेबानं कागद वाचून दाखवला. मग कागदावर नव्हतं तेही सांगितलं. "मावशी, तुम्ही उठून गेलात म्हणून नंबर मागं गेला नाही. तुम्ही कधी चुकलाच नव्हता. तुम्ही येत होता, विचारत होता, त्यानंच मागं जात होता. मी मशीनला नीट सांगितलं नव्हतं. तुमचा डोळा माझ्यामुळं गेला."

मुंजाबा उठला. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या होत्या, आणि त्यानं मारलं असतं तर नानासाहेब हलला नसता. पण बानाबाईनं अंदाजानं हात पुढं करून नवऱ्याचं धोतर धरलं आणि त्याला खाली बसवलं.

मग तिनं विचारलं, "मी एकलीच का आजून कुनी?"

नानासाहेबानं बानाबाईची ओळ बघितली होती, फक्त बानाबाईची. चार दिवस स्वतःच्या दुःखात आणि अब्रूच्या काळजीत तो एवढा बुडाला होता की बाकीच्या त्रेसष्टांकडं त्यानं वळून बघितलं नव्हतं. त्याला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली.

"बघितलं नाही मावशी," तो म्हणाला.

"मंग हितं काय बसलास? जा की."

तो गेला. अकरा याद्या पुन्हा पसरल्या, ह्या वेळी एकेका नावासाठी. बानाबाईशिवाय मागं ढकललेले नऊ जण अजून थांबलेले होते. आठांना त्याच आठवड्यात फोन करून बोलावलं, त्यांचं आणखी काही बिघडलं नव्हतं, ऑपरेशनं लगेच घेतली. नववीचं नाव चतुराबाई, सोयगावकडची. ती चारदा येऊन गेली होती, आणि ह्या सोमवारी पाचव्यांदा येऊन तिनं स्वतःच सांगून नाव काढून घेतलं होतं. फोन लागत नव्हता.

शनिवारी नानासाहेबानं दवाखान्याची गाडी मागितली. ऋतुराज सरांनी केसपेपर वाचला होता. त्यांनी किल्ली ड्रायव्हरकडं दिली. सिल्लोड मागं टाकून, अजिंठ्याचा घाट उतरून, विचारत विचारत दुपारी तो घर शोधून दाराशी उभा राहिला. सून धान्य पाखडत होती. तिनं आत वळून सांगितलं, "आत्या, डोळ्याच्या दवाखान्याचे आलेत."

आतून चाचपडत एक म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली. चौकट धरून उभी राहिली आणि थकल्या आवाजात म्हणाली, "आता कितवा नंबर काढलाय?"

"नंबर नाही आणला आजी," नानासाहेब म्हणाला. "गाडी आणलीय. चला."

चतुराबाईचं ऑपरेशन सोमवारी झालं. मंगळवारी पट्टी सुटली तेव्हा तिनं सोनिया मॅडमच्या कानातले डूल किती खड्यांचे आहेत ते मोजून सांगितलं, आणि वॉर्डातल्या बाया हसल्या.

नानासाहेब जिन्याखालच्या खोलीत आला आणि त्यानं मुंजाबाचा नंबर लावला. तोवर बानाबाईला घरी नेलं होतं. मुंजाबानं फोन तिच्या कानाला लावला असावा, कारण लांबून मेंढरांचा आवाज आला आणि मग तिचा.

"मावशी, तुमच्याशिवाय आणखी नऊ निघाले. सगळ्यांचं झालं. शेवटची काल झाली, चतुराबाई नावाची. तिला चांगलं दिसतंय."

"बरं झालं," बानाबाई म्हणाली. मग म्हणाली, "तिला म्हनावं, माझ्या वाटचं बी बघ."